शितावरून भाताची परीक्षा

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडे संग्रामपूर तालुका आहे आणि त्या तालुक्यात वरवट बकाल हे गाव. शेगावहून सातपुड्याच्या दिशेने निघालेला प्रवासी याच गावावरून पुढे जातो. कापूस-सोयाबीन पिकविणारा आणि खारपाणपट्ट्यामुळे पाण्यासाठी कायम आसुसलेला हा मुलूख आहे. याच्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी अक्षय्य तृतीयेला सायंकाळी शेतात घट मांडला जातो. वर्तुळात अठरा प्रकारचे धान्य ठेवतात. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची मातीची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. घागरीवर पापड, सांडोई, कुरडई, करंजी इत्यादी पदार्थ आणि जवळच पानाचा विडा मांडतात. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातील मंडळी घटाची पाहणी करून वर्षाचे भाकीत सांगतात. कोणते पीक साधेल आणि कोणत्या महिन्यात पाऊस दगा देईल, हे त्यात असतेच. पण विडा म्हणजे राजा, आणि तो जागेवरून हलला की नाही यावरून राज्यकर्त्याच्या गादीचेही भविष्य सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली व तिला तीनशे वर्षे उलटून गेली, असे सांगतात.

या प्रथेची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्याचे वर्षभराचे पोट पावसाच्या चार सरींवर अवलंबून आहे, तो पहाटे उठून दूरवरून भेंडवळला का येतो, हे पंख्याखाली बसून हसणाऱ्यास कळणार नाही. परंतु अक्षय्य तृतीया आणि आपल्या लोकसभेच्या निवडणुका अलीकडे एकाच हंगामात येतात. त्यामुळे वऱ्हाडातील वृत्तपत्रांत भेंडवळचा राजा आणि दिल्लीतील सर्वेक्षण संस्थांचे आकडे कधी कधी एकाच पानावर शेजारी छापलेले दिसतात. वाचणाऱ्याच्या मनात सहज येते, या दोहोंत फरक तो काय? फरक आहे, आणि तो मोठा आहे. घटाला आपण हिशेब विचारत नाही. सर्वेक्षण मात्र शास्त्राच्या नावाने आपल्या दारात येते. त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. किती जणांना विचारले, कोणाला विचारले, काय विचारले आणि उत्तरावरून निष्कर्ष कसा काढला, हे त्याने सांगितलेच पाहिजे. या चार प्रश्नांवरच जनमत चाचण्यांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास उभा आहे.

पहिला धडा अमेरिकेने घेतला. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाचे साप्ताहिक १९१६ पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी वाचकांकडे व इतर नागरिकांकडे नमुना-मतपत्रिका पाठवून विजेता जाहीर करीत असे. सलग पाच निवडणुकांत त्याचा अंदाज खरा ठरला. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी पत्रिका पाठविल्या. त्यांपैकी जवळजवळ चोवीस लाख परत आल्या. एवढा प्रचंड नमुना त्यापूर्वी कोणी गोळा केला नव्हता. साप्ताहिकाने सांगितले की रूझवेल्ट पडणार आणि लँडन सत्तावन्न टक्के मते घेऊन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये जिंकली. दोन वर्षांच्या आत ते साप्ताहिक बंद पडून दुसऱ्या नियतकालिकात विलीन झाले. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप या तरुण संशोधकाने फक्त सुमारे पन्नास हजार लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला होता.

चोवीस लाखांचे चुकले आणि पन्नास हजारांचे बरोबर आले, ते का? डायजेस्टने पत्ते घेतले होते ते दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून. महामंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी आणि दारात मोटार, तो रूझवेल्टचा मतदार असण्याचा संभव कमीच. शिवाय ज्यांना पत्रिका मिळाली, त्यांतील चौघांपैकी एकानेच ती परत केली. आणि उत्तर देणारे व न देणारे हे एकाच मनाचे लोक होते, असे मानण्यास काहीच आधार नव्हता. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी आहे, पण भात सगळीकडून सारखा शिजला असेल तरच. वरच्या थरातील शिते कितीही मूठभरून घेतली, तरी तळाचा भात करपला आहे की कच्चा आहे ते त्यांवरून कळत नाही. आणि उलट, पातेले नीट ढवळलेले असेल तर चार शितेही पुरतात. संख्याशास्त्र सांगते की मतदारांच्या संपूर्ण यादीतून चिठ्ठी टाकून, कोणताही पक्षपात न करता हजार-बाराशे माणसे निवडली, तर चुकीची मर्यादा साधारण तीन टक्क्यांच्या आत राहते. मग यादी वरवट बकालची असो की साऱ्या महाराष्ट्राची. ऐकणाऱ्यास हे पटत नाही, पण ते खरे आहे. मोठी गोष्ट संख्या नव्हे, निवड आहे.

गॅलपलाही गर्व करण्यास जागा राहिली नाही. १९४८ साली त्याने आणि इतरांनी ड्यूई यांचा विजय जाहीर केला, शेवटच्या आठवड्यांत चाचणी घेण्याची गरजच नाही असे मानले, आणि निवडून आले ट्रूमन. मतदार शेवटच्या पंधरवड्यात मन बदलू शकतो, हे तेव्हा कळले.

भारतात हे शास्त्र एरिक दा कोस्टा यांनी आणले. दिल्लीतील ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ या त्यांच्या संस्थेने पन्नासच्या दशकात निवडणूकपूर्व चाचण्या सुरू केल्या. पुढे रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या संशोधन केंद्राने १९६७ पासून मतदारांचा अभ्यास केला. या अभ्यासाचा उद्देश विजेता सांगणे हा नव्हता. मतदार तसे मत का देतो, हे समजून घेणे हा होता. ऐंशीच्या दशकात प्रणय रॉय यांनी मतांचा कल आणि विरोधकांच्या एकीचा निर्देशांक यांची सांगड घालून जागांचे गणित मांडले. तेव्हापासून जनमत चाचणी विद्यापीठातून निघून नियतकालिकांत आणि मग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली. १९९६ साली दूरदर्शनवर मतदानोत्तर चाचणी दाखविली गेली, तेव्हा घरोघर रात्र जागविली गेली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आता एखादे चांगले सर्वेक्षण वरवट बकालमध्ये कसे पोहोचते ते पाहू. संस्था प्रथम मतदारसंघ निवडते, मग त्यातील मतदान केंद्रे, मग त्या केंद्राच्या यादीतून ठरावीक अंतराने नावे. ज्याचे नाव निघाले त्याच्याच घरी जायचे. तो नसेल तर शेजाऱ्याला विचारून वही भरायची नाही. मत कोणाला हे तोंडाने सांगण्याऐवजी नमुना-मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकावयास सांगायचे. हे सारे खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी प्रश्नकर्ता बसस्थानकावर किंवा बाजाराच्या चौकात उभा राहतो आणि जो भेटेल त्याला विचारतो. आजकाल तर दूरध्वनीवरच काम भागते. चौकात भेटतो कोण? ज्याला चौकात उभे राहण्याची सवड आहे तो. एप्रिलच्या उन्हात वखरणीला गेलेला, मजुरीसाठी पुण्याला किंवा सुरतेला गेलेला, आणि चुलीपाशी बसलेली गृहिणी, हे तिघेही त्या वहीत येत नाहीत. डायजेस्टच्या मोटारगाड्या गेल्या, पण रोग तोच आहे.

बरे, योग्य माणूस भेटला तरी तो खरे बोलेलच असे नाही. आपले लोक याला खोटेपणा मानत नाहीत आणि मलाही तो मानवत नाही. अनोळखी माणूस हातात कागद घेऊन विचारतो, तेव्हा शहाणा शेतकरी त्याला हवे असलेले उत्तर देऊन मोकळा होतो. यामागे केवळ स्वभाव नाही, अनुभवही आहे. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मतदानयंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्रपणे बाहेर येतो. लहान गावात एक किंवा दोनच केंद्रे. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले याचा अंदाज पुढाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी येतो, आणि रस्ता, नळ, घरकुल यांची यादी करताना तो आकडा कोणी विसरत नाही. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये चौदा यंत्रांची मते एकत्र मोजणारे उपकरण वापरण्याची सूचना केली होती. केंद्र सरकारने तिला अनुकूलता दाखविली नाही. ज्या गावात मत झाकलेले राहील याची खात्री नाही, त्या गावात प्रश्नकर्त्यास नेमके उत्तर मिळावे अशी अपेक्षा करणे हाच भाबडेपणा नव्हे काय?

तिसरा प्रश्न, काय विचारले. याचे सर्वात बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची नाती गोव्याशी आहेत, तेव्हा ते थोडे विस्ताराने सांगितले तर गैर होणार नाही.

गोवा मुक्त झाल्यावर डिसेंबर १९६३ मध्ये तेथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे या घोषणेवर निवडणूक लढविली, आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष विरोधात बसला. यावरून महाराष्ट्रातील बहुतेक विचारवंतांनी निष्कर्ष काढला की गोव्याचे मत कळले, आता विलीनीकरणाचा ठराव तेवढा बाकी आहे. सिक्वेरा यांचे म्हणणे असे की आमदारांच्या मताने हा प्रश्न सुटणार नाही, तो लोकांनाच विचारला पाहिजे. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने कायदा केला. त्या कायद्यात ‘सार्वमत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाळून ‘ओपिनियन पोल’ असा शब्द घातला होता. मराठीत त्याला कोणी जनमत कौल म्हटले. कौल हा शब्द तेथे नेमका बसला. कोकण-गोव्याच्या देवळांत देवाला कौल लावण्याची, पाकळी कोणत्या बाजूस पडते ते पाहण्याची रीत जुनीच आहे. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली.

प्रचार अतिशय कडवा झाला. विशेष असे की तो दोन्ही बाजूंनी मराठीतही झाला. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होते. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात लिहीत होते आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात गाजत होते. मराठीत लिहिणारा तो विलीनीकरणवादी, हे समीकरणच तेथे चुकले. दुसरे समीकरण धर्माचे. १९६१ च्या जनगणनेनुसार गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. हिंदू सारे महाराष्ट्राच्या बाजूने आणि ख्रिस्ती सारे विरोधात, असे गृहीत धरणाऱ्यांनी निकाल बोटांवर मोजून ठेवला होता.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ‘फूल’ म्हणजे विलीनीकरण आणि ‘दोन पाने’ म्हणजे स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१. केवळ ख्रिस्ती मतांवर एवढा आकडा होणे शक्यच नव्हते. हजारो हिंदू मतदारांनी, त्यांत बांदोडकरांना मानणाऱ्यांनीही, दोन पानांवर शिक्का मारला होता. आपल्या समाजाच्या इतिहासकथनात कधी कधी हा विजय एकट्या ख्रिस्ती गोवेकरांचा म्हणून सांगितला जातो. आकडे त्याला साक्ष देत नाहीत, आणि तसे सांगणे हे त्या हिंदू शेजाऱ्यांवर अन्याय करणारेही आहे.

गोष्ट येथे संपत नाही. दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात पुन्हा विधानसभा निवडणूक झाली. विलीनीकरण हरल्यामुळे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे आता उरले काय, असे कोणासही वाटले असते. त्याच मतदारांनी त्याच पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले! मतदार चंचल होता काय? मुळीच नाही. त्याला १९६३ साली विचारले होते, राज्य कोणाच्या हाती द्यायचे. जानेवारी १९६७ मध्ये विचारले, गोवा वेगळा राहावा काय. मार्चमध्ये पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला. दोन प्रश्नांची दोन उत्तरे त्याने दिली आणि दोन्ही खरी होती. कुळाची जमीन आणि बहुजनांच्या शाळा यांसाठी त्याला बांदोडकर हवे होते, आणि गोवाही गोवा म्हणून हवा होता. चूक मतदाराची नव्हती. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर चिकटविणाऱ्यांची होती.

मला वाटते, आपल्या सर्वेक्षणांचे मर्म येथे आहे. मत म्हणजे कणगीत साठविलेले धान्य नव्हे की मापाने काढून मोजावे. प्रश्न कसा आला, कोणी विचारला, कोणत्या वेळी विचारला, यावर ते आकार घेते. ‘सरकारच्या कामाने समाधानी आहात काय’ याला होय म्हणणारा शेतकरी कापसाच्या भावावरून त्याच सरकारविरुद्ध मत देऊ शकतो. २००४ मध्ये हेच झाले. देश उजळून निघाल्याच्या जाहिराती चालू होत्या, निवडणूक मुदतीपूर्वी घेतली गेली, आणि जवळजवळ सर्व चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीस पुन्हा सत्ता दिली. निकालात काँग्रेसला १४५ आणि भारतीय जनता पक्षाला १३८ जागा मिळून सरकार बदलले.

शेवटचा प्रश्न उत्तरावरून निष्कर्ष काढण्याचा, म्हणजेच मतांवरून जागा सांगण्याचा. येथे चांगल्या संस्थाही घसरतात. याचे प्रात्यक्षिक महाराष्ट्राने २०२४ मध्ये सहा महिन्यांत दोनदा दिले. लोकसभेच्या मतदानानंतर १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीस साडेतीनशे ते चारशे जागा सांगितल्या. ३ जूनला शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळला. ४ जूनला मोजणी झाली, आघाडी २९३ वर थांबली, आणि निर्देशांक एका दिवसात ४,३८९ अंशांनी कोसळला. एका संस्थेच्या प्रमुखास दूरचित्रवाणीवर अश्रू आवरले नाहीत. पण ज्यांनी आदल्या दिवशी चढ्या भावात पैसे गुंतविले त्यांचे अश्रू कोणी दाखविले नाहीत. महाराष्ट्रात महाविकास आघाडीस ३० आणि महायुतीस १७ जागा मिळाल्या, सांगलीची एक अपक्षाकडे गेली. आता मते पाहा. दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचेही अंतर नव्हते! मतांचा अंदाज तंतोतंत बरोबर आला असता तरी जागांचा अंदाज त्यावरून कोणास सांगता आला असता? पुढे नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. या वेळी बहुतेक चाचण्यांनी महायुतीचे बहुमत बरोबर ओळखले, पण तिच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३० जागा मिळतील आणि समोरचे तिघे मिळून ४६ वर येतील, एवढी लाट फारच थोड्यांनी पाहिली.

वरवट बकाल ज्या बुलढाणा लोकसभा मतदारसंघात येते, तेथील आकडे तर मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. प्रतापराव जाधव ३,४९,८६७ मते घेऊन निवडून आले. नरेंद्र खेडेकर यांना ३,२०,३८८ मते पडली. तिसरे, शेतकरी चळवळीतून आलेले अपक्ष रविकांत तुपकर. त्यांना जवळजवळ अडीच लाख. जिंकणाऱ्याच्या आणि हरणाऱ्याच्या मधले अंतर तीस हजारांहून कमी, आणि तिसऱ्याची मते त्याच्या आठपट. अशा तिरंगी लढतीत ‘तुमचा माणूस येत नाही, मत वाया घालवू नका’ एवढे एक वाक्य गावोगाव पोहोचविले की पुरे. त्या वाक्याला सर्वेक्षणाचा शिक्का मिळाला, तर त्याची किंमत वाढते. चुकीचा अंदाज ही एक गोष्ट. परंतु अंदाज म्हणून छापलेला प्रचार ही दुसरी, आणि ती अधिक गंभीर आहे. कोणी पैसे दिले, किती जणांना विचारले, हे न सांगता प्रसिद्ध झालेला आकडा मी तरी पत्रक म्हणूनच वाचतो, मग तो कोणत्याही पक्षाच्या सोयीचा असो.

कायद्याने काही बंधने घातली आहेत. १९९८ मध्ये निवडणूक आयोगाने चाचण्यांच्या प्रसिद्धीवर मर्यादा घातल्या. वृत्तपत्रांनी त्यास विरोध केला, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आयोगाला आपला आदेश मागे घ्यावा लागला, कारण कायद्याचा आधारच नव्हता. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२६-क हे कलम आले आणि २०१० पासून मतदानोत्तर चाचण्या पहिल्या टप्प्याच्या प्रारंभापासून शेवटचा टप्पा संपल्यावर अर्ध्या तासापर्यंत प्रसिद्ध करण्यास बंदी झाली. मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मतदानपूर्व चाचणीस मात्र मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांचीच मनाई आहे. त्याआधी जो तो मोकळा. मार्च २०१७ मध्ये आयोगाने आणखी एक खुलासा केला. बंदीच्या काळात ज्योतिषी आणि पत्ते मांडून भविष्य सांगणारे यांनी निकालाची भाकिते प्रसिद्ध करणे हेसुद्धा या कलमाचा भंग होय, असे त्याने माध्यमांना कळविले. सर्वेक्षण संस्था आणि ज्योतिषी यांना एकाच दावणीला बांधलेले पाहून संख्याशास्त्रज्ञांना काय वाटले असेल कोण जाणे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, राज्यभर लाट असताना, बुलढाणा मतदारसंघात संजय गायकवाड निवडून आले ते जयश्री शेळके यांच्यापेक्षा फक्त ८४१ मते अधिक घेऊन. दोघांची मिळून मते एक लाख ऐंशी हजारांहून अधिक होती. त्याच जिल्ह्यात मेहकरला लाटेच्या उलट निकाल लागला आणि सिद्धार्थ खरात निवडून आले. उत्तम सर्वेक्षणाची चूक तीन टक्क्यांच्या आत असते, हे वर सांगितलेच आहे. बुलढाण्यातील अंतर अर्ध्या टक्क्याच्याही आत होते.